खेळाडू, दुखणं आणि एक गोळी : वेदनाशामक औषधांचे दुष्परिणाम



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात सापडणार नाही. पण खेळाच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला, त्याच्या पालकांना आणि आपल्यासारख्या शिक्षकांना तो यायला हवा, असं मला वाटतं. मला तो उशिरा आला. कसा आला ते आधी सांगते, मग विषयाकडे वळू.

आमची शाळा सातवीपर्यंतची. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलींचा खो-खोचा संघ केंद्रातून निवडून तालुक्याला गेला. संघात एक मुलगी होती, पोल मारण्यात एकदम पटाईत. ती पंधरा दिवस सांगत होती, "बाई, नडगी दुखतेय." मी आपली नेहमीप्रमाणे म्हणत होते, "खेळताना दुखतंच गं, तेल लाव." सामन्याच्या दिवशी पहाटे सहाला वडापच्या गाडीत बसलो. मुलींच्या पोटात फक्त चहा आणि दोन-दोन बिस्किटं. मैदानावर उतरताना ती लंगडायला लागली. माझ्या पर्समध्ये माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या होत्या. त्यातली एक मी तिला दिली.

अर्ध्या तासात तिचं लंगडणं थांबलं. त्या दिवशी ती दोन सामने खेळली आणि जीव तोडून पळाली. परत येताना गाडीत तिला दोनदा उलटी झाली, पोटात आग पडली म्हणून ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिला पाय जमिनीवर टेकवता येईना. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "सामन्याआधी काही गोळी घेतली होती का? कुणी दिली?" तिची आई पटकन म्हणाली, "बाईंनी दिली." त्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. बाईंनी दिली म्हणजे चांगलीच असणार, अशा भरवशाने ती सांगत होती. मी तिथेच बाजूला उभी होते.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

गोळी नेमकं काय करते?

आपल्याला लागलं की त्या जागी शरीर काही रसायनं तयार करतं. त्यातल्या एका गटाचं नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव अवघड आहे, म्हणून वर्गात मी त्याला 'निरोप्या' म्हणते. हा निरोप्या दुखऱ्या जागी सूज आणतो आणि तिथल्या नसा जास्त हळव्या करतो. मग मेंदूला कळतं, इथे काहीतरी बिघडलंय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या गोळ्या हा निरोप्या तयारच होऊ देत नाहीत. १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ॲस्पिरिनचं हे काम उलगडून दाखवलं. प्रोस्टाग्लँडिनवरच्या संशोधनासाठी १९८२ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यात तो होता.

म्हणजे नीट पाहा. गोळीने हाडाची चीर बुजत नाही, ताणलेला स्नायूही जुळत नाही. गोळी फक्त निरोप अडवते. माझ्या विद्यार्थिनीच्या नडगीत जे चाललं होतं ते चालूच होतं, ते तिला कळायचं तेवढं बंद झालं. ज्या पायावर तिने आपणहून भार दिला नसता, त्याच पायावर ती दोन सामने पळाली.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. हा निरोप्या फक्त दुखणंच आणतो असं नाही. त्याच्या गटातली भावंडं शरीरात दुसरीकडे मोठी उपयोगाची कामं करत असतात. जठरात फार तीव्र आम्ल असतं. त्या आम्लाने जठराची भिंत जळू नये म्हणून आतून जो चिकट थर असतो, तो या प्रोस्टाग्लँडिनमुळे टिकतो. मूत्रपिंडात रक्त आत येण्याची नळी रुंद ठेवायलाही त्याची मदत होते. गोळीला पत्ता माहीत नसतो. ती नडगीतही काम करते, जठरातही करते आणि मूत्रपिंडातही. म्हणूनच पोटात आग, उलटी, आम्लपित्त हे त्रास एवढे सर्रास दिसतात. खूप दिवस गोळ्या चालू राहिल्या तर जठरात जखम होते, तिच्यातून रक्त येतं. शौच डांबरासारखं काळं झालं तर ती रक्तस्रावाची खूण असू शकते. बरीच माणसं ते "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडून देतात.

पळणाऱ्याचं मूत्रपिंड

इथे कुणी म्हणेल, बाई, आमच्या घरात आजी रोज गुडघ्यासाठी गोळी घेते, तिला काही होत नाही. (आजीलाही होऊ शकतं, पण ते असो.) खेळाडूचा प्रश्न थोडा वेगळा आहे.

आपल्या भागातलं पाटाचं पाणी डोळ्यांपुढे आणा. पाणी भरपूर असतं तेव्हा शेवटच्या रानापर्यंत पोचतं. वरच्या शेतकऱ्यांनी सगळी दारं उघडली की शेवटच्याला धार बारीक होते. धावताना असंच होतं. पायाचे स्नायू रक्त मागतात, अंग थंड ठेवायला कातडीला रक्त लागतं, त्यामुळे मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त खूप कमी होतं. त्यात घामावाटे पाणी निघून गेलेलं असतं. अशा वेळी हा निरोप्या मूत्रपिंडाच्या दारात उभा राहून आत येणारी नळी शक्य तेवढी उघडी धरतो. आणि नेमकं त्याच वेळी आपण गोळी खाऊन त्याला तिथून हाकलतो. घरी बसलेल्या धडधाकट माणसाला एका गोळीने जे होणार नाही, ते उन्हात दोन तास पळणाऱ्याला होऊ शकतं, त्याचं कारण हे.

जर्मनीतल्या बॉन शहरात २०१० मध्ये मॅरेथॉन झाली. तिथल्या संशोधकांनी धावपटूंना प्रश्नावली दिली, जवळजवळ ३,९०० जणांनी ती भरून दिली. त्यातल्या ४९ टक्के लोकांनी शर्यतीच्या आधीच वेदनाशामक गोळी घेतलेली होती. दुखतंय म्हणून नव्हे, पुढे दुखेल म्हणून! गोळी घेतलेल्यांपैकी १६ टक्के लोकांना पोटाचे, हृदयाचे, लघवीचे असे काही ना काही त्रास झाले. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. नऊ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि ते नऊही जण गोळी घेतलेले निघाले. तिघांचं मूत्रपिंड काही काळासाठी बंद पडलं होतं, त्यांनी आयबुप्रोफेन घेतलं होतं. चौघांना रक्तस्राव आणि दोघांना हृदयविकाराचा झटका, या सहा जणांनी ॲस्पिरिन घेतलं होतं.

ही माहिती धावपटूंनी स्वतः भरून दिलेली होती. ज्यांची तब्येत मुळातच नरम होती त्यांनीच गोळ्या जास्त घेतल्या असतील, अशी शंका काढता येते आणि ती रास्त आहे. म्हणून दुसरा एक प्रयोग पाहू. अनेक दिवसांच्या शर्यतींमध्ये ८० किलोमीटरच्या टप्प्याला ८९ धावपटूंचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. शर्यत संपल्यावर रक्त तपासलं. गोळीवाल्या गटात ५२ टक्के लोकांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची चिन्हं होती, दुसऱ्या गटात ३४ टक्के. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. धावपटू थोडे होते, तेव्हा हे आकडे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण गोळी न घेणाऱ्यांपैकीही तिसरा हिस्सा लोकांच्या मूत्रपिंडावर ताण आलाच होता, हे विसरू नका. म्हणजे एवढं पळणं हाच मुळात मूत्रपिंडावर भार आहे. त्यावर आपण आणखी किती ओझं टाकायचं?

आणखी एक. या गोळ्यांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. त्यामुळे गोळी घेऊन वर तांब्याने पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होण्याचा धोका वाढतो. "भरपूर पाणी प्यायलं की झालं" हा उपाय इथे पूर्ण खरा नाही.

क्लासनिचची गोष्ट

इव्हान क्लासनिच हा क्रोएशियाचा फुटबॉलपटू. जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेन क्लबकडून तो खेळायचा, २००४ मध्ये त्या संघाने जर्मन लीग जिंकली त्यात तोही होता. पुढे त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. २००७ च्या सुरुवातीला आईने आपलं एक मूत्रपिंड दिलं, ते त्याच्या शरीराने स्वीकारलं नाही. मग दोन महिन्यांत वडिलांनी दिलं, ते बसलं. आणि हा गडी दुसऱ्या वर्षी युरो २००८ स्पर्धेत उतरला! पोलंडविरुद्ध क्रोएशियाने १-० असा सामना जिंकला, तो गोल त्याचा होता.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात. मी त्यांना थांबवून पुढचं सांगते. रक्ताच्या तपासण्यांमध्ये मूत्रपिंड बिघडत असल्याचं आधीच दिसत होतं, तरी ते लक्षात घेतलं गेलं नाही आणि वेदनाशामक औषधं चालूच ठेवली, असा दावा करत तो न्यायालयात गेला. खटला वर्षानुवर्षं चालला. २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, त्याच वर्षी त्याच्यावर तिसऱ्यांदा मूत्रपिंड रोपण करावं लागलं. २०२० मध्ये तडजोडीने प्रकरण मिटलं. त्याचा आजार केवळ गोळ्यांमुळे झाला असं म्हणणं चुकीचं ठरेल. मूत्रपिंड आधीच आजारी असताना ज्या गोळ्या टाळायच्या त्या पोटात जात राहिल्या, असं त्याचं म्हणणं होतं. मला यातून जाणवतं ते एवढंच की सोबत डॉक्टर, तपासण्या, पैसा सगळं असलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे होतं, तर आपल्या तालमीतल्या पोराचं रक्त कोण तपासतंय?

हा एकट्याचा प्रश्न नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या २०१० च्या विश्वचषकात प्रत्येक संघाच्या डॉक्टरांकडून औषधांची यादी फिफाने मागवली होती. ६० टक्के खेळाडूंनी स्पर्धेत एकदा तरी वेदनाशामक घेतलेलं होतं. ३९ टक्के खेळाडू तर प्रत्येक सामन्याआधी घेत होते. आपण टीव्हीवर पाहतो तेव्हा त्यांना काहीच दुखत नाही असं आपल्याला वाटतं.

गणिताचा एक तास

पॅरासिटामॉल ही गोळी वरच्या गटातली नाही. जठराला ती फारशी त्रास देत नाही, म्हणून डॉक्टर ती सहज देतात. नीट प्रमाणात घेतली तर चांगली गोळी आहे. तिचा धोका यकृताला, आणि तो प्रमाण ओलांडल्यावर. निरोगी प्रौढ माणसाला २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर ती जाता कामा नये. मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता हिशेब करू. एक पैलवान आहे. अंग दुखतं म्हणून तो कॉम्बिफ्लॅम दिवसातून तीनदा घेतो. तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. कणकण वाटते म्हणून ६५० ची गोळी तीनदा. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. ९७५ अधिक १,९५० अधिक १,५००, बेरीज झाली ४,४२५. मर्यादा ओलांडली, आणि त्याला वाटतंय आपण तीन वेगवेगळ्या आजारांवर तीन वेगळी औषधं घेतोय. हा हिशेब मी सहावीच्या मुलांना फळ्यावर करायला लावते. घरी जाऊन ती पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचतात. पालक चक्रावतात, पण चालतं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, कारण यकृताला धोका. ॲस्पिरिनही मुलांना तापात द्यायचं नाही, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कोणालाच नको, रक्तस्राव वाढतो. आणि ज्या मुलाला दमा आहे, त्याला या गटातल्या गोळीने धाप लागू शकते. शाळेत कोणाला दमा आहे याची यादी आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

डायक्लोफेनॅकवरून आठवलं. आपल्याकडची गिधाडं नाहीशी झाली ती याच औषधामुळे. दुखऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं, ते जनावर मेलं की गिधाडं मांस खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये हे कारण जगापुढे आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी घातली. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण 'साधी दुखण्याची गोळी' असं आपण म्हणतो ना, ती एवढीही साधी नाही.

भरतीचं मैदान

माझा चुलत भाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. तो सांगायचा, पळायच्या अर्धा तास आधी बरीच पोरं गोळी टाकतात, कुणी इंजेक्शनही मारून येतं. नडगी दुखणं तर सगळ्यांचंच, कारण सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर पळायचं आणि बूट झिजलेले. एका नोकरीसाठी एवढी पोरं धडपडतात, तिथे त्यांना "गोळी घेऊ नकोस" असं सांगणं सोपं आहे हो, पण पाठ शिकवणाऱ्याने त्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. गोळी न घेता मागे राहिला तर वर्ष जातं, वय जातं. मी भावाला एवढंच म्हटलं, दुखणं जिथे बोटाने दाखवता येतं, एकाच ठिकाणी, आणि रात्री झोपेतही ठणकतं, ते हाडाचं असू शकतं. तिथे गोळी घालून पळशील तर पुढच्या भरतीलाही मुकशील. त्याने तीन आठवडे पळणं बंद ठेवलं, सायकल चालवली. माझ्यावर चिडला होता.

सगळ्यात जपायचं ते ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांपासून. हा अफूच्या जातकुळीतला प्रकार आहे. तो मेंदूवरच काम करतो. चक्कर, गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता होते आणि सवय लागते, मग गोळी नसली की अंग मोडून येतं. भारतात २०१८ पासून तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. कोलंबियाचा नामवंत सायकलपटू नायरो क्विंताना २०२२ च्या 'टूर द फ्रान्स' मध्ये सहावा आला होता. रक्तात ट्रॅमाडॉल सापडलं म्हणून त्याचा तो क्रमांक काढून घेतला. १ जानेवारी २०२४ पासून सर्वच खेळांत स्पर्धेच्या काळात हे औषध उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्या यादीत नाहीत. पण यादीत नाही म्हणजे शरीराला चालतं, असा अर्थ काढू नका. ती यादी वेगळ्या कारणांसाठी असते.

मग दुखल्यावर करायचं काय?

खेळ थांबवायचा, हे पहिलं. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. मलम लावलं तर औषध रक्तात फार कमी जातं, म्हणून ते गोळीपेक्षा बरं, पण मलम किंवा थंड फवारा मारून पुन्हा मैदानात पाठवणं म्हणजे पुन्हा निरोप अडवणंच. डॉक्टरांनी तपासून चार दिवस गोळी दिली तर ती जरूर घ्यावी, जेवणानंतर घ्यावी आणि चार दिवसांनी थांबवावी. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणू नये. गोळी घेणाऱ्या खेळाडूची लघवी कमी किंवा गडद चहासारखी झाली, पाय किंवा तोंड सुजलं, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि कोणती गोळी घेतली ते लपवायचं नाही. पट्टीच सोबत न्यायची.

आता सामन्याला जाताना माझ्या पिशवीत बर्फाचा थर्मास, बँडेज, गूळ-शेंगदाणे आणि केळी असतात. माझ्या गोळ्या मी घरी ठेवते. ती मुलगी आता हायस्कूलला आहे. सहा आठवडे ती बाकावर बसून होती, मैत्रिणींचा सराव पाहत. पुढच्या वर्षी पुन्हा खेळली. मागच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं गं." ती म्हणाली, "पण बाई, आपण फायनलला गेलो होतो की!"

मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ६ वी, ७ वी) : घरातून गोळ्यांची फक्त रिकामी पाकिटं आणायला सांगा. ठळक नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्या. एकाच औषधाची किती वेगवेगळी नावं सापडतात ते मोजा. आमच्या वर्गात पॅरासिटामॉलची सात निघाली.